आजोबांचं चिलखत आणि तिसरीचा वर्ग

म्हैसूर,
दसऱ्यानंतरचा शुक्रवार

तीर्थस्वरूप सोयराआत्यांच्या चरणी मानाजीचा साष्टांग नमस्कार. (गुडघे वाकत नाहीत, तेव्हा सध्या कागदावरच.) शिवमोग्ग्याच्या हवेत तुमचा खोकला कमी झाला असेल, सुनेने सांगितलेलं पथ्य तुम्ही पाळत नसाल आणि त्यामुळेच प्रकृती ठणठणीत असेल, असं धरून चालतो. इकडे सुमित्रा बरी आहे. पत्राला विशेष कारण नाही. माझ्या मुलीच्या बारशातून तुम्ही न जेवता उठून गेलात त्याला आता एकतीस वर्षं झाली, ते तर माझ्या कधी मनातही येत नाही.

आमच्या शेजारी सीतालक्ष्मी नावाच्या बाई राहतात, शाळेत तिसरीला शिकवतात. लहान मुलांना युद्धाचा इतिहास गोष्टीच्या पुस्तकांतून शिकवायचा असं त्यांनी मनावर घेतलं आहे. मी त्यातलं एक पुस्तक पाहिलं. बत्तीस पानं, पानभर चित्रं, आणि अख्ख्या युद्धात सेनापती एकही नाही. एक घोडी आहे, तिला दाणापाणी देणारा शिपाई आहे, आणि शेवटच्या पानावर तो शिपाई एकटाच बोटीत बसतो. कोण जिंकलं ते लिहिलेलंच नाही. (विसरले असतील म्हणून मी पेन्सिलीने लिहून दिलं, ते बाईंनी खोडून टाकलं.) असल्या इतिहासावर वाढलेली पोरं उद्या सीमेवर शत्रूला आधी जेवलास का म्हणून विचारतील, असं मी त्यांना स्पष्ट सांगितलं. त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, मग तुम्हीच या ना वर्गात, तुमच्या घरात तर शिपाई होऊन गेले.

आता आपले आजोबा, म्हणजे तुमचे वडील रघुनाथराव, म्हैसूरच्या घोडदळातून पहिल्या महायुद्धात पार वाळवंटापर्यंत जाऊन आले. ते स्वतः त्याबद्दल कधी चकार शब्द बोलले नाहीत, त्यामुळे बोलायचं सगळं काम तुमचे बंधू, आमचे संताजीकाका, यांनी केलं. आजोबांनी आणलेलं ते चिलखत आपण आयुधपूजेला तलवारीशेजारी मांडतो, झेंडूची माळ घालतो, आणि विजयादशमीला घरचा कर्ता पुरुष ते छातीवर बांधून बन्नीची, म्हणजे शमीची, पानं वाटायला निघतो. आधी काका बांधत, आता मी बांधतो. चिलखत कॅनव्हासचं कसं, असं कोणी विचारलं तर उन्हाळी चिलखत आहे असं काका सांगत. दोन्ही बाजूंना तीन-तीन भोकं आहेत ती गोळ्यांची, आणि भोकांना पितळी कड्या आहेत त्या आजोबांनी मागाहून बसवून घेतल्या. हे ऐकतच मी मोठा झालो आणि साठीपर्यंत मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

तर मी फेटा बांधून, चिलखत लावून, तारखा पाठ करून वर्गात गेलो. चौतीस मुलं. गोळ्यांच्या भोकांपर्यंत आलो तोच पहिल्या बाकावरची वनजा नावाची मुलगी (वय आठ, पुढचे दोन दात नाहीत) उठून उभी राहिली आणि अगदी सौम्यपणे म्हणाली, "अज्जा, इदु कुदुरे ऊटद चीला अल्वा?" घोड्याची जेवणाची पिशवी ना ही, असं. तिने पुस्तकाचं नववं पान उघडून दाखवलं. चित्रात घोडीच्या तोंडाला हुबेहूब आपलं चिलखत. घोडीला श्वास घेता यावा म्हणून बाजूला भोकं, तीन-तीन, कड्यांसकट. आत्या, आजोबा गेल्यापासून सत्तेचाळीस वर्षं आपण तोबरा छातीला बांधून म्हैसूरभर हिंडतो आहोत. मी म्हणालो, योगायोग असेल. तेवढ्यात तिने पिशवीच्या तळाला बोट घातलं आणि शिवणीतून घोड्याच्या दाण्यातले दोन हुलगे बाकावर पडले.

मुलं हसली असती तर मी रागावून निघून आलो असतो. ती हसली नाहीत. घोडीचं नाव काय होतं, तिला पाणी कोण द्यायचं, ती परत आली का, असं विचारत राहिली. मला तारखा येत होत्या, यातलं एकही येत नव्हतं. मला लाज वाटली. सोमवारी सांगतो म्हणून मी सुटका करून घेतली.

घरी येऊन तोबरा उलटा केला. सोवळ्याच्या भीतीने इतक्या वर्षांत कोणी केलेला नव्हता. आत, पट्ट्याच्या मुळाशी, लाल दोऱ्याने वेडीवाकडी अक्षरं शिवलेली आहेत. चंद्रा.

आजोबा गेले त्याआधीचे तीन दिवस ते ग्लानीत एकच विचारत होते, "चंद्रा, पाणी प्यालीस का?" तुम्ही उशाशी होतात. आजीने ते ऐकलं आणि तेराव्यानंतर त्यांचा फोटो भिंतीकडे फिरवला. तुम्ही आईची बाजू घेतलीत, यात तुमची काही चूक नाही, मीही घेतली असती. पण तेव्हापासून ते नाव आपल्या घरात कोणी उच्चारलं नाही. आजी तशाच गेल्या, त्याचं मला फार वाईट वाटतं.

असो. खोकल्याला जपावं.

आपला आज्ञाधारक,
मानाजी

ता. क. तो फोटो तुमच्याकडेच आहे. सरळ करावा.

ता. क. दुसरा. आमच्या कुसुमला (त्या बारशातली तीच) मुलगी झाली. बारसं येत्या रविवारी, इथेच. जावयाला बहीण नाही, तेव्हा बाळाच्या कानात नाव सांगायचा आत्याचा मान तुमचा. मलाही बहीण नाही, म्हणून एकतीस वर्षांपूर्वीही तो तुमचाच होता, आणि मी 'चंद्रिका' म्हणताच तुम्ही पाळण्यापासून उठलात. नाव या खेपेला कुसुमने ठरवलं आहे, त्याच नावाचं शेपूट छाटून. घोडीचं नाव मुलीला ठेवतात का, असं जावई विचारत होता. त्याला मी ते बत्तीस पानांचं पुस्तक वाचायला दिलं आहे.

ता. क. तिसरा. सुमित्रा हुलग्याचं सारू (आपलं सार) करणार आहे. या वेळी जेवून जा.