पाणसळीतला बुडबुडा

प्रिय धाकल्या,

अक्षर उतरतं दिसलं म्हणून हसू नकोस. शाळेत जेवढी गेले तेवढ्यात एवढंच येतं, आणि आज तर टेबलच कललंय. पेन जरा ठेवलं की घरंगळत उजव्या खिडकीशी जातं. तुझे दाजी बाहेर खुर्ची टाकून बसलेत, खुशीत आहेत. धाकल्याला पत्र लिहिते म्हटलं तर म्हणाले, लिही, मजेत आहोत म्हणावं. तर आम्ही मजेत आहोत. झाला त्यांचा निरोप. आता माझं ऐक.

घर विकून ही गाडी घेतली तेव्हा तू काय म्हणाला होतास? पलंग, ओटा, संडास, सगळं चाकांवर, ताई, तुझी तर चैन आहे. चैन कसली डोंबलाची! तू ट्रकमधून उतरतोस तो आपल्या घरी जातोस. मी उतरते ती चिखलात. कारण ही बया कुठेही उभी केली की आधी सपाट करावी लागते. मुक्कामाची मैदानं वरून हिरवीगार, खालून नुसते खड्डे. गाडी कलली की फ्रिज गार होत नाही, मोरीतलं पाणी कोपऱ्यात तुंबतं, कपाटाची दारं आपोआप उघडून डोक्यात बसतात. म्हणून जे चाक खाली असेल त्याच्यापुढे ठोकळे लावायचे आणि गाडी त्यावर चढवायची. साहेब सीटवर, मी गुडघ्यांवर. आणा, आणा, बास! अगं, बास काय, आत्ताशी कुठे हलली! आजूबाजूचे लोक चहा घेऊन आमची करमणूक बघत बसतात.

तरी सुरुवातीला मला त्यांचं कौतुक वाटायचं, खोटं का बोलू. जन्मभर फरश्या बसवलेला माणूस. बाकीचे गवंडी पाणसळ लावून, त्या पट्टीतला बुडबुडा मधे आला का ते बघायचे. हे नुसते उंबऱ्यात उभे राहून सांगायचे, त्या कोपऱ्यात जरासा उतार राहिलाय. आणि असायचाच. तुझ्या न्हाणीघराची फरशी ह्यांनी उखडायला सांगितली तेव्हा केवढा फणफणला होतास तू! मग बादली उपडी केली, तर सगळं पाणी दाराकडे. तोंड बघण्यासारखं झालं होतं तुझं.

थंडी सरता सरता आम्ही एका सिमेंटच्या जागेवर थांबलो. ताटासारखी सपाट जागा. मी म्हटलं, आज गुडघ्यांना सुट्टी. तर हे म्हणाले, डावीकडे खाली आहे. मी पाणसळ ठेवून दाखवली, बुडबुडा बरोब्बर मधे. म्हणाले, पट्टी बिघडलीय, माझा डोळा नाही. लावला ठोकळा डाव्या चाकाखाली. मग अजून एक. रात्रभर मी उजव्या भिंतीला पालीसारखी चिकटून होते आणि हे शेजारी मस्त घोरत होते. मग मी शहाणी झाले. गाडीखाली जायचं, हातोडीने दोन ठोके वाजवायचे, काही न करता बाहेर यायचं आणि म्हणायचं, बसवला. आता कसं, म्हणायचे. लहान पोराला फसवावं तसं वाटायचं मला, पण झोप तरी मिळायची. पुढे पुढे ठोकेही पुरेनात. आणि हल्ली मोकळ्या मैदानात नळावर जातानासुद्धा हे डावीकडे ओढले जातात, खांब दिसला की हात टेकतात. म्हणतात, जमीनच उतरती आहे. आता मैदानाखाली मी कुठला ठोकळा घालू?

गाडीही तशीच जाते. चाकं डांबर सोडून खडीत उतरतात. परवा डाव्या बाजूचा आरसा खांबाला लागून गेला, तर म्हणे खांब वाकडा होता. डॉक्टर म्हटलं की दोन दिवस बोलत नाहीत. मी शेजारी बसून ओरडते, उजवीकडे घ्या, उजवीकडे! ते म्हणतात, तुझी कटकट थांबव, मग सरळ चालवतो. आता पुढचा रस्ता डोंगरातून आहे आणि दरी डाव्या हाताला.

तू म्हणशील, उतर आणि बस पकड. दाराला कुलूप नाही, मलाही कळतं. पण मी उतरले तर शेजारच्या सीटवरून ओरडणार कोण? आणि उतरून जाऊ कुठे, घर तर विकलं. मला गाडी चालवता येत नाही. मोबाईल एकच, तो त्यांच्या खिशात. आणि ह्या डबीत कुजबुजलं तरी पलीकडे ऐकू जातं. सकाळी उठून ओट्याला धरून उभी राहते, तर पाठीला पलंग लागतो. डबीतल्या काडीसारखं झालंय माझं.

म्हणून काल मी एक उद्योग केला. इथे नळाजवळची जमीन भुसभुशीत आहे. हे म्हणाले, उजव्या चाकाखाली फळ्या टाक, नाहीतर रुतेल. मी हो म्हटलं, फळ्या गवतात ठेवल्या आणि हात हलवत राहिले, या, या, अजून या. उजवं चाक अर्धं आत गेलं. गाडी अशी कलली की कपाटातले डबे धडाधड खाली आले. आणि हे आत येऊन मधोमध उभे राहिले, इकडे बघितलं, तिकडे बघितलं आणि म्हणाले, वा! आज पहिल्यांदा धड सपाट लावलीस. त्यांना कधी इतकं शांत जेवताना पाहिलं नव्हतं मी. माझं ताट मी हाताने धरून ठेवलं होतं. तेव्हा कळलं, बाबा रे, किती कललेत ते.

आता तुझं काम. चाक फिरेल, पण गाडी हलणार नाही. मैदानवाल्या बाईला सगळं सांगितलंय. तिचा ट्रॅक्टर धडधाकट आहे, पण ह्यांना ती बिघडलाय म्हणून सांगणार आहे. पत्रही तीच टाकेल, जागेचा पत्ता पाकिटामागे आहे. मिळाल्या मिळाल्या ट्रक घेऊन नीघ. गाडी ओढायला आलोय म्हण, डॉक्टरचं नाव काढू नकोस. चाक वर आलं की स्टिअरिंगवर तू बस. चाकांच्या बाबतीत ते तुझं ऐकतात. आणि एकदा बसलास की उठू नकोस, शिव्या दिल्या तरी, हातापाया पडले तरी. ट्रक राहू दे इथेच, थेट दवाखान्याच्या दारात थांब. त्यांचा डोळा चुकतोय हे मात्र तू सांगू नकोस. ते मीच सांगेन. रोज सांगायला जाते आणि हातोडी उचलते.

वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच ताई