पाटीवरची तिसरी ओळ

प्रिय ठमे,

सहा वर्षांत माझं हे पहिलंच पत्र. न वाचता फाडू नकोस, एवढंच मागणं. माझी शाळा चौथीत सुटली, चुका पोटात घाल. तुझा खोकला गेला का? पत्ता बरोबर आहे ना, म्हणून पाकिटावर आधीच लिहून दोनदा ताडून पाहिला.

बातमी अशी, की या वयात मी पितळेवर अक्षरं कोरायला शिकतोय. ढाली-चषकांच्या दुकानातल्या बाई शिकवतात. दोन महिने नुसत्या सरळ रेघा, मग गोलाई. कोरणीची धार अंगठ्याच्या नखावर बघायची. घसरली तर बोथट, रुतली तर चांगली. माझं नख म्हणजे खाटकाचा ओंडका झालंय. गोलाईला मी हात वळवायचो आणि कोरणी सुटून बोटात. बाई ओरडायच्या, आजोबा, हात जागेवर ठेवा, पत्रा फिरवा, किती वेळा सांगू! पट्टी बांधताना तुझी आई म्हणते, तोंडात दात नाहीत आणि निघालेत पितळ चावायला.

मागच्या महिन्यात आपल्या दारावरची पाटी काढून बाईंकडे नेली. वर माझं नाव, खाली आईचं, तिसऱ्या ओळीत तुझं, आणि त्यावर खिळ्याच्या रेघोट्या. म्हटलं, घासून द्या, नव्याने कोरतो. त्यांनी रेघांवरून बोट फिरवलं. कुणी केलं हे? मी म्हणालो, पोराटोरांनी. त्या म्हणाल्या, पोरांच्या हातात एवढा जोर नसतो, आजोबा. हे घासून जाणार नाही, पाटीच झिजेल. नाव यांच्यावरूनच कोरा, यांच्याहून खोल.

ठमे, ते मीच केलं. तू आम्हाला न विचारता लग्न केलंस, त्या दिवशी. नंतर एकदा तू जिना चढून आलीस, पाटी पाहिलीस आणि तशीच परतलीस, हे शेजारणीने सांगितलं. तरी मी गप्प बसलो. आठ महिने शिकलो ते या एका ओळीसाठी. बाई कोरून देत होत्या. मी नको म्हटलं. शेवटचं अक्षर जरा तिरकं झालंय, आणि उजेडात जुन्या रेघा अजून दिसतात. पाटी काल लावली. जावईबापूंना घेऊन ये. हा शब्द लिहिताना तीन कागद वाया गेले. ये, आणि या वेळी बेल वाजव.

तुझाच, अजून शिकाऊ,
बाबा