पोर्ट एलिसनच्या गाळलेल्या ओळी

७ जुलै २०१४, सोमवार

जोन माझ्या फाइलमध्ये हात घालते आहे. नक्की!

अभिलेखागारासाठी टाइप करते आहे ते पोर्ट एलिसनच्या हॉस्पिटलचं १८७८चं रजिस्टर. शुक्रवारी मी सेव्ह केलं तेव्हा बेचाळीस ओळी होत्या, आज पंचेचाळीस. शेवटचा बदल कोणाचा? जोनचा. शनिवारी, घरी बसून! बाई रिटायर्ड शिक्षिका, हौसेने फुकट येते आणि माझं टायपिंग तपासते. स्पेलिंग बघायचं सोडून ओळी कशाला घालतेस?

मूळ पानाचा स्कॅन उघडला. घातलेल्या ओळी सतरा, अठरा आणि तीस. ओळी आहेत तिथे खऱ्या. म्हणजे आमच्याकडून सुटल्या? एकदम तीन? शक्य नाही.

९ जुलै

‘आमच्याकडून’ लिहून गेले. आता लिहितेच, हे दुसरीकडे बोलता यायचं नाही. निम्मी पानं मी टाइप करत नाही. बाबा करतात. सासरे. माझ्या लॉगिनने, दिवसभर घरी बसून. नियमात बसत नाही, कळलं तर कॉन्ट्रॅक्ट जाईल. पण महिन्याला ठरलेली पानं माझ्या एकटीकडून होईनात, आणि वेलिंग्टनच्या या वाऱ्यात ते बाहेर तरी कुठे जाणार? चौतीस वर्षं पुण्यात पोस्टात होते. जुनं वळणदार इंग्रजी माझ्यापेक्षा भराभर वाचतात.

जेवताना त्या गावाच्या बातम्या सांगतात, आजचा पेपर वाचल्यासारख्या. ‘‘सुलेखा, आज बोटीवरचा एक भट्टीवाला आला, दोन्ही हात भाजलेत. धक्क्यावर पिंपाखाली एकाचा पाय सापडला. आणि एक धोबीण तिसऱ्यांदा आली, बहुतेक नवरा मारतो.’’ सोनं सापडलं म्हणून तळ्याकाठी वसलेलं बंदर. आता तिथे एक पेट्रोलपंप आहे म्हणे.

बाबांकडून ओळ सुटायची नाही.

१५ जुलै

पुन्हा! यावेळी चार.

मला वाटतं ती आधी ओळी काढते, मग स्वतःच भरते. म्हणजे मी गचाळ काम करते असं दिसेल. सिस्टीम फक्त शेवटी बदल करणाऱ्याचं नाव दाखवते, पुरावा काहीच नाही. वर चहाच्या वेळी मला विचारते, ‘‘तू बरी आहेस ना, लव्ह? हे रजिस्टर फार जड आहे. हवं तर मी घेते.’’ घेते म्हणे! माझं काम हवंय तिला.

१८ जुलै

सांगितलं. आमच्या विभागाचा प्रमुख क्रेग, त्याच्या केबिनमध्ये गेले आणि सांगून टाकलं — जोन न विचारता माझ्या फाइली बदलते. ‘‘जोन? नऊ वर्षं येते ती.’’ मी म्हटलं, तारखा बघ.

बसमध्ये तारखा पुन्हा मोजल्या. पण मी खोटं कुठे बोलले?

२२ जुलै

जोन आता येणार नाही. क्रेगने विचारलं तर म्हणाली, हो, मी बदलल्या. का, ते सांगितलं नाही. पिशवी उचलली आणि गेली. स्वतःची बाजू मांडायचीच नसेल तर काय समजायचं?

२४ जुलै

हॉस्पिटलचा त्या वर्षीचा अहवाल सापडला. डिसेंबरात चौदा मृत्यू. आमच्या यादीत आठ. हा महिना तर जोन गेल्यावर टाइप झालेला! तिने हात लावलेलाच नाही.

क्रेग म्हणाला, ‘‘नो वरीज, बघून घे.’’ पण हसला नाही.

२५ जुलै

घरून काम घेतलं. स्कॅन आणि यादी शेजारी शेजारी लावून एकेक ओळ ताडून पाहिली. सुटलेली सहाच्या सहा लहान मुलं. गोवर, घटसर्प, एक धक्क्यावरून पाण्यात पडलेला. मग मागचे महिने काढले. जोनने भरलेली प्रत्येक ओळ — पाच वर्षांखालचं मेलेलं मूल.

मोठी माणसं मेलेली सगळी आहेत. मुलंच नाहीत.

बाबांना विचारलं. ते स्क्रीनकडे बघत म्हणाले, ‘‘हात चालेना गं.’’ एवढंच. मग जॅकेट चढवून फिरायला गेले, असल्या वाऱ्यात!

डोक्यावर परिणाम होतोय का त्यांच्या? नवऱ्याशी बोलायला हवं. सुयश स्वतःच्या वडिलांबद्दल ऐकून घेईल का पण?

२६ जुलै, शनिवार

जोनकडे गेले. तिने दार उघडलं, मला बघून मागे सरली नाही. मी सगळं सांगितलं, बाबा टाइप करतात तेही. तिने माझ्यासाठी खुर्ची पुढे सरकवली.

‘‘मला वाटलं, तूच एखादं मूल गमावलं आहेस,’’ ती म्हणाली. ‘‘लिहवत नसेल तुला. विचारायचं कसं? म्हणून भरत गेले.’’

‘‘मग क्रेगला का नाही सांगितलंस?’’

‘‘ते सांगणं माझं काम नव्हतं, लव्ह.’’

मान वर करता आली नाही मला. म्हटलं, आमच्या घरात असं काही झालेलं नाही. तिने विचारलं, ‘‘तुला सगळं माहीत आहे?’’

२८ जुलै

क्रेगला सगळं सांगितलं. कॉन्ट्रॅक्ट शुक्रवारी संपेल. जोनला तो स्वतः फोन करणार आहे. ती परत येईल की नाही, माहीत नाही.

२९ जुलै

संध्याकाळी बाबांच्या समोर बसले. म्हटलं, बाबा, मी रागावणार नाही. कोण होतं ते मूल?

‘‘मुलगी. सुयशच्या आधीची. अकरा महिन्यांची होती. तुझ्या सासूने शपथ घातली होती, घरात नाव काढायचं नाही.’’ मग म्हणाले, ‘‘मंदा.’’

सुयश कधी आला कळलंच नाही. दारात उभा होता. बूट न काढता तसाच आत आला आणि बाबांच्या शेजारी बसला.