राणीची ताटली साबिराला जावी

मी, इस्मत हारून परकार, वय ४४, मूळची हर्णैची, हल्ली मुक्काम दम्माम, बिस्मिल्लाह करून हे लिहिते. डोके ठिकाणावर आहे, कोणाची जबरदस्ती नाही. आखाती लढाईमुळे रोज क्षेपणास्त्रांच्या इशाऱ्याचे भोंगे वाजताहेत म्हणून घाई, एवढेच.

१. माझ्या बांगड्या आणि हर्णैचा माडांचा तुकडा शरियतप्रमाणे माझे पती हारून (पुढे ‘हे’) आणि माझा भाऊ दौलत यांच्यात वाटावा. आम्हाला मूलबाळ नाही. वारसाला वेगळी वसीयत करता येत नाही, बाहेरच्याला येते. हे ध्यानात ठेवावे, पुढे लागेल.

२. हॉलच्या भिंतीवरची इंग्रजी ताटली. तिच्यावर राणी कॅरोलाइनचे चित्र आहे. एकशे सत्तर वर्षांपूर्वी नवऱ्याने, म्हणजे खुद्द राजाने, हिच्यावर बदफैलीचा आळ घेतला आणि स्वतःच्या राज्याभिषेकाला दारातून परत पाठवली. लोकांत दोन तट पडले. तिच्या बाजूच्यांनी अशा ताटल्या घरात लावल्या. एक गोरा इंजिनियर मायदेशी जाताना सामान विकत होता, त्याच्याकडून ह्यांनी ही आणली आणि शेजारच्या नौशादभाईंच्या देखत म्हणाले, “इस्मत, ही तुला.” म्हणून मालकी माझी. मग चष्मा पुसून म्हणाले, “तोंडवळा आपल्या साबिराचा, नाय? बिचारी!”

साबिरा ह्यांची मावसबहीण. माझ्याआधी तिच्याशी बोलणी झाली होती. आता ती विधवा आहे. चेहऱ्यात काडीचे साम्य नाही, ह्यांनाच दिसते. बावीस वर्षांत मला एकदाही बिचारी म्हटलेले नाही. मी जळते. लिहून ठेवायला लाज कसली?

ताटली वारसांत राहिली तर हे स्वतःच्या हाताने तिला नेऊन देतील. ते सुख मी मिळू देणार नाही. साबिरा वारस नाही, म्हणून ताटली मीच तिला देते. नौशादभाईंनी पोचवावी. ह्यांनी सोबत जाऊ नये.

३. परवा संध्याकाळी मगरिबच्या नमाजानंतर भोंगा वाजला, तेव्हा ह्यांनी ताटली टॉवेलात गुंडाळली, काखोटीला मारली आणि मला न्हाणीत ढकलले. चांगले सुनावायचे होते, पण माझ्या तोंडावर विषारी वायूपासून बचावाचा मास्क घट्ट बांधलेला. शब्द फुटेना.

४. तो मास्क. कंपनीने ह्यांना दिलेला. कामावरच्या माणसाला एक, बायकांना नाही. घरात दुसरा नाही.

न्हाणीत हे उघड्या तोंडाने बसले होते आणि पुन्हा पुन्हा माझ्या मास्कचा पट्टा चाचपत होते.

कलम २ खोडलेले नाही. ताटली साबिराला जावी. मास्क माझ्या मालकीचा नाही, तरी विनंती अशी की तो तिला दाखवूसुद्धा नये.

दम्माम, ४ फेब्रुवारी १९९१
सही: इस्मत हारून परकार

साक्षीदार:
नौशाद मुकादम (ताटली पोचवण्याचे कबूल)
हुसेनमियाँ खोत