बाबांच्या प्लेअरला कव्हर

तीर्थस्वरूप दादास,

धाकटीचा साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात घातला आहे, कारण कंबर धरली आहे). तुझी तब्येत बरी असेलच. वहिनीचा गुडघा काय म्हणतो? इकडे सगळं ठीक आहे. हे वाक्य पत्र संपेपर्यंत खरं धरून चाल.

तू बाबांसाठी पाठवलेला म्युझिक प्लेअर त्यांना फार आवडला. आवडला म्हणजे पहिल्याच आठवड्यात सहा वेळा खाली पडला. आजारपणानंतर त्यांचा उजवा हात थरथरतो, म्हणून मी काही बोलले नाही. पण फरशीवर तो असा काही आपटतो, की शेजारच्या खोलीत माझं शिलाई मशीन धडधडत असलं तरी ऐकू येतं. धावत जावं, तर बाबा खुर्चीत शांत. "पडलं," म्हणतात. कोणी पाडलं, ते त्या क्रियापदात येत नाही. मग मी उचलून देते, वाजतंय का बघते, दोन शब्द बोलते आणि परत मशीनवर बसते. काचेचा कोपरा तडकला तेव्हा मात्र ठरवलं, कव्हर घ्यायचंच.

कव्हरवाल्याकडे भिंतभर कव्हरं, पण या प्लेअरला बसणारी तीनच: एक रबरी, एक चामड्याचं, एक कडक प्लास्टिकचं. "यातलं चांगलं कुठलं?" विचारलं तर म्हणाला, "ताई, तिन्ही चांगलीच." (आमच्याकडे गिऱ्हाईक कापड घेऊन आलं की मीही हेच म्हणते, त्यामुळे विश्वास बसला नाही.) न आवडलेली परत करायच्या बोलीवर तिन्ही घरी आणली. आता प्लेअरच टाकून बघणं परवडणारं नव्हतं, म्हणून स्वयंपाकघरातल्या काट्यावर प्लेअरच्या वजनाच्या साबणाच्या तीन वड्या शोधल्या, तासून मापात आणल्या आणि एकेक वडी एकेका कव्हरात घालून आधी टेबलावरून, मग कपाटावरून आणि शेवटी जिन्यावरून सोडली. खालच्या मजल्यावर त्या निवृत्त मुख्याध्यापिका राहतात ना, त्या पहिल्या वडीला रागावून बाहेर आल्या. दुसऱ्या वडीला त्यांनी नियम विचारले. तिसरीला त्या वही-पेन घेऊन खाली उभ्या होत्या आणि "सोडा!" म्हणून ओरडत होत्या. रबरी कव्हर पहिलं आलं. प्लास्टिकवाल्या वडीचे तीन तुकडे झाले.

मी निकाल घेऊन बाबांकडे गेले. त्यांनी रबरी कव्हर चाचपलं आणि म्हणाले, "तुझ्या साबणाला बटण दाबावं लागत नाही." खरंच होतं. रबरातून बटण दाबायला पैलवानाचा अंगठा हवा, आणि चामड्याचं झाकण उघडायला दोन हात. तिन्ही परत केली. शेवटी एका गिऱ्हाइकाच्या ब्लाऊजची जांभळी मखमल उरली होती, तिची पिशवी शिवली, आत कापूस भरला, बटणापुरती खिडकी ठेवली आणि गळ्यात अडकवायला पट्टा लावला. "दागिना घातलाय मला," म्हणाले, पण घातला.

आठ दिवस प्लेअर पडला नाही. नवव्या दिवशी चष्म्याचं घर पडलं. दहाव्या दिवशी पेला, मग काठी. आता हात जास्तच थरथरायला लागला की काय, या भीतीने मी डॉक्टरांना दाखवायला वेळा लिहून ठेवू लागले. यादी बघते तर सगळं साडेदहा ते बारा या वेळात पडतंय, आणि रविवारी, मशीन बंद असतं तेव्हा, काहीच नाही! मुख्याध्यापिकाबाईंना वही दाखवली. त्या म्हणाल्या, "प्रयोग करू या." त्या माझ्या मशीनवर बसून बिनदोऱ्याचं पायडल मारत राहिल्या आणि मी पडद्याआड उभी राहिले.

बाबा थोडा वेळ दाराकडे बघत होते. मग त्यांनी उजव्या हाताने काठी उचलली. हात अजिबात थरथरला नाही, दादा. आपल्या पायावर पडणार नाही अशा बेताने त्यांनी ती धरली, अंदाज घेतला आणि सोडली. आणि पुन्हा दाराकडे बघत बसले.

मी तशीच पुढे झाले. "बाबा, हाक मारायची ना!"

"मारली होती," म्हणाले. "पुष्कळदा. तुझ्या मशीनपुढे माझा आवाज पोचत नाही."

संध्याकाळी मशीन त्यांच्या खोलीत आणलं. जन्मभर बस चालवलेला माणूस आता माझ्या पायडलवर लक्ष ठेवतो आणि "वळणावर हळू घे," म्हणतो. कॉलर सुधारल्या आहेत, हे कबूल करायला हवं.

वहिनीला नमस्कार.

तुझी,
धाकटी

ता. क. — प्लेअर हल्ली वाजत नाही. बिघडलेला नाही, पण तो चार्ज करायची आठवणच कुणाला होत नाही. तू वाईट वाटून घेऊ नकोस.

ता. क. २ — (हे बाबा सांगताहेत, मी फक्त लिहिते आहे.) मखमलीचा पट्टा मानेला बोचतो. तिकडे बरं कव्हर मिळालं तर बघ. टपालाने पाठवू नकोस, माप चुकतं. स्वतः घेऊन ये आणि माझ्या हातात बसतंय का ते बघ. नाही बसलं, तर चार दिवस राहून इथे दुसरं शोध.