चांगली शिक्षा

बाई, तुम्ही गेल्यावर चर्चने रुग्णभेटीचा गट माझ्या गळ्यात घातला, त्याला आता बरीच वर्षं झाली. रविवारची उपासना आटोपली की आम्ही चारपाच जण अजूनही मोठ्या हॉस्पिटलात जातो, गावाकडून उपचारांसाठी आलेल्या मराठी माणसांपाशी बसतो आणि कुणी हो म्हटलं तरच प्रार्थना करतो. परवा तिथे अशी गंमत झाली की ती तुम्हालाच सांगावीशी वाटली.

गटात एक तिशीची मुलगी आली आहे. इथल्याच सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरात वाढलेली, आता गुडगावच्या ऑफिसात. तिचं मराठी आईला 'भाजी काय करू' विचारण्यापुरतं, पण माया अशी की पेशंट तिचा हात सोडत नाहीत. नांदेडकडचे एक गृहस्थ ऑपरेशनसाठी आलेत. त्यांची बायको 'करा प्रार्थना' म्हणाली, तशी हिने डोळे मिटून कळवळून मागितलं, "देवा, यांच्या मुलीला चांगली शिक्षा दे. खूप शिक्षा दे." नांदेडच्या बाईंनी खाडकन डोळे उघडले. "का वो ताई? काय केलं माझ्या लेकरानं?"

'शिक्षण' हा शब्द माझ्या ओठांवर आला होता. तो गिळला, कारण तुमची बोलणी आठवली. मी कॉलेजात होतो. गटातल्या एका वयस्कर गृहस्थांची प्रार्थना अडखळली आणि मी ती पुरी करून टाकली. परत आल्यावर तुम्ही स्वयंपाकघरात चहा गाळत उभ्या आहात, माझ्याकडे बघतही नाही. "दुसऱ्याची प्रार्थना आपण संपवायची नसते रे. देवाला घाई नव्हती, तुलाच होती." मदत करून वर बोलणी खायची, म्हणून मी तेव्हा चांगलाच फुगलो होतो. परवा मात्र गप्प राहिलो, आणि तिचं तिलाच उमगलं. "अरे यार! म्हणजे पढाई! खूप शिकू दे तिला, देवा!" नांदेडच्या बाई हसल्या. "तिला अभ्यास म्हंजी शिक्षाच वाटतीय, ताई." नळ्या सांभाळत त्यांचा नवराही हसला.

बाहेर चहाच्या टपरीवर मात्र आमच्या गटातले वयस्कर काका म्हणाले, "प्रार्थना मराठी येणाऱ्यांनी करावी. हिला फळं वाटू दे." काका मनाने वाईट नाहीत. नातवंडं त्यांच्याशी हिंदीतच बोलतात, ते त्यांना लागतं. पोरगी खाली मान घालून म्हणाली, "बरोबर आहे काकांचं. मी बाहेर बॅगा सांभाळीन, चलेगा."  असं हसत हसत बाजूला झालेलं माणूस चार रविवारांत येईनासं होतं, हे मी पाहिलं आहे. तिची बाजू घ्यावी तर काका दुखावणार, आणि मला दोघंही हवे होते. मी म्हटलं, "काका, पुढच्या वेळी तुम्ही हिच्या शेजारी उभे राहा. विचारलं तरच शब्द द्यायचा." "मी काय डिक्शनरी आहे?" काका गुरगुरले. पण नाही म्हणाले नाहीत.

ऑपरेशनच्या दिवशी नांदेडच्या बाईंचा फोन आला, "ती शिक्षावाली ताई पाठवा." ती यायला तयार नव्हती. काकाच म्हणाले, "चल, मी आहे." प्रार्थनेत ती अडलीच. "काका, बेहोशीला काय म्हणतात?" काका डोळे मिटूनच म्हणाले, "भूल." "भूल? वो तो गलती होती है ना?" काकांना हसू आवरेना, आणि तशातच तिने प्रार्थना पुरी केली. पेशंटला आत नेल्यावर काका तिला म्हणाले, "रविवारी लवकर ये. आधी दोन शब्द बघून ठेवू." मला इतका आनंद झाला, बाई, की तिथल्या तिथे तुम्हाला फोन लावावासा वाटला.

हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून एक सांगून टाकतो. शेवटच्या आजारात तुम्ही मला प्रार्थना करायला सांगितलंत. 'हे प्रभू, आमच्या बाईंना' इथवर आलो आणि पुढे शब्द फुटेना. तुम्ही डोळे मिटून थांबलात, कुणालाही मध्ये बोलू दिलं नाहीत. नर्स आली आणि आम्हाला निघावं लागलं. ती प्रार्थना मी अजून पुरी केलेली नाही. केली तर तुम्ही गेलात हे मान्य करावं लागेल.