ओवाळणीचा अर्ज

भवानी पेठ, सोलापूर
गुरुवार, १६ नोव्हेंबर १९७८

आक्का,

तुला आणि आबांना नमस्कार. मी बरा आहे, जेवतोय वेळेवर. तू दिलेली शेंगाची चटणी संपली. निम्मी चन्नवीरनं खाल्ली. चन्नवीर म्हणजे माझ्या खोलीतला, कचेरीत कारकून आहे. माझ्या गोष्टी वाचतो आणि विचारतो, "ह्यात घडतंय काय रे?"

थंडी पडलीय. परीक्षा आहे म्हणून मला येता येत नाही. हे पत्र आपल्या मुक्कामी गाडीच्या कंडक्टरकडं देतोय. सोबत एक कोरा अर्ज आहे. तो भर. भाऊबीजेला मी भरून दिलेला फाडून टाक. शनिवारी दुपारी तीनच्या आत चावडीत निवडणूक अधिकाऱ्याच्या हातात नवाच द्यायचा.

का, ते सांगतो.

काल चन्नवीरपुढं फुशारकी मारत होतो. म्हटलं, आमच्या पंचायतीत बायकांच्या जागेवर दर खेपेला मानसिंग पाटलाची आई. म्हातारी एकदाही मिटिंगला गेली नाही, वहीच अंगठ्यासाठी तिच्या घरी जाते. ह्या वेळी माझी बहीण उभी राहतेय. आमच्या आळीत हापसा आणणार. मी तर ओवाळणी म्हणून ताटात अर्जच घातला!

"भारी की!" म्हणाला. "मतदार यादीत नाव बघितलं नव्हं?"

"बघितलं. एकशे बारा नंबर."

"तेच नाव अर्जात घातलंय ना? न्हाय तर छाननीत उडतंय बघ. पाटलाची माणसं तेवढंच हुडकत बसत्यात."



आक्का, यादीत दगडाबाई आहे. अर्जात मी शैलजा लिहिलं.

तू वाचलं होतंस. चौथीपर्यंतचं तुझं वाचन, अक्षरावर बोट ठेवून. "ही कोण रं बया?" म्हणून हसलीस. मी म्हटलं, निवडणुकीत असंच लागतं, कागदावर शोभेल असं. "आसंल बाबा, तू शिकल्याला हायस," म्हणालीस आणि सही केलीस. वर शैलजा, खाली दगडाबाई.

निवडणुकीत असलं काही लागत नाही. मला लागत होतं.

पहिल्या वर्षी तू होस्टेलवर भाकरी घेऊन आलीस, तेव्हा गेटवरच्या शिपायानं खालून ओरडून सांगितलं, "कुंडलिक, दगडाबाई आल्यात!" सगळे हसले. मीपण हसलो. त्या दिवसापासून कॉलेजात माझी बहीण शैलजा आहे. मासिकात आलेल्या गोष्टीतसुद्धा. आणि संपादकाला मी लिहितो काय, तर मी खऱ्या माणसांचं लिहितो!

तुझ्याआधीची दोघं पाळण्यातच गेली. म्हणून आईनं तुला दगड म्हटलं, मरणानं वळून बघू नये म्हणून. तू टिकलीस. माझ्या वेळी तिला भ्यायचं कारण उरलं नव्हतं, म्हणून मला हे सरळ नाव मिळालं. हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. तरी.

परीक्षा सोमवारी आहे. म्हणजे येता येतं. तुझ्यासमोर उभं राहायची लाज वाटत होती, एवढंच.

अर्जात नाव सुचवणाऱ्याच्या, म्हणजे सूचकाच्या सहीची जागा मी रिकामी सोडली होती. गावातल्या कुणाची तरी सही घे, असं तुला सांगितलं होतं. आत्ता हे लिहिताना वाटलं, कुणाची तरी कशाला? आपल्या वॉर्डाच्या यादीत माझंही नाव आहे की.

तर कंडक्टरला त्रास नको. संध्याकाळी मीच गाडीत बसतो. पत्र मात्र तुझ्या हातात देणार, तोंडानं एवढं बोलता येणार नाही मला. तू वाचेपर्यंत अंगणात थांबतो. लई राग आला तर दार लावून घे. मी बसेन तितंच.

पण अर्ज भर. तुझ्या हातानं भर, उद्याचा सगळा दिवस आहे. वाकडं आलं अक्षर तर येऊ दे. शनिवारी चावडीत पाटलाची माणसं असतील, निम्मं गाव असेल. अधिकारी विचारेल, उमेदवार कोण? सगळ्यांना ऐकू जाईल असं तुझं नाव मी सांगणार आहे.

तुझा भाऊ,
आणि तू म्हणशील तर दगडाबाईचा सूचक,
कुंडलिक